बीआट्रिसने जपानला केलेला फोन

पोटचा मुलगा हरावा म्हणून नोव्हेनाची प्रार्थना करणारी बाई मी जन्मात एकच पाहिली, आणि ती माझी मैत्रीण आहे.

बीआट्रिस मूळची वसईजवळच्या गिरीजची, आता कित्येक वर्षं इकडे परदेशात, स्कारबरोत. आम्ही दोघी एकाच नर्सिंग होममध्ये कामाला. ती पीएसडब्ल्यू, म्हणजे म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं. मी किचनमध्ये, म्हणजे ती जे भरवते ते मिक्सरमधून काढून द्यायचं. मी सुरेखा, नागपूरची, तोंडाने फटकळ. ती शांत. तिला राग आला की ती आणखीच हळू बोलते, तेव्हा समोरच्याने सावध झालेलं बरं. बुटकी, रुंद खांद्यांची बाई, पण हातात अशी ताकद की आडदांड पुरुषाला एकटी कुशीवर वळवते आणि त्याची झोपही मोडत नाही.

तिचा नवरा रॉड्नी कुस्तीचा वेडा होता. आपल्या मातीतल्या कुस्तीचा नव्हे; ती रिंगमधली, चमकत्या चड्ड्या घालून दोरांवरून उड्या मारण्याची. त्यातही त्याला जपानी कुस्तीच लागायची. तिकडे दर उन्हाळ्यात एक मोठी टुर्नामेंट होते, जवळपास महिनाभर, आज या शहरात तर उद्या त्या. रॉड्नी कुठून कुठून तिच्या व्हिडिओ कॅसेट पैदा करायचा आणि बेसमेंटमध्ये कार्पेटवर फतकल मारून पोराबरोबर बघत बसायचा. पोरगा एकुलता एक, टेरेन्स. तो हायस्कूलला असताना रॉड्नी हार्ट अटॅकने गेला. पोराने मग कॉलेजचं नाव काढलं नाही. एका टायरच्या दुकानामागे गोडाउनमध्ये कुस्तीची शाळा होती, तिथे जाऊन आपटून घ्यायला शिकला.

आपटून घ्यायला म्हणते, कारण तिथे पहिल्यांदा तेच शिकवतात. या कुस्तीत कोण जिंकणार नि कोण हरणार हे ऑफिसातला एक माणूस आधीच ठरवतो. हे कळलं तेव्हा मी टेरेन्सला म्हटलं, "मग हे नाटकच की रे!" तो हसला. म्हणाला, "आंटी, रिझल्ट फेक असतो. फ्लोअर इज नॉट."

दिवसा वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायची आणि शनिवारी कुठल्या तरी लीजन हॉलमध्ये शंभरेक लोकांसमोर पडायचं, हे त्याचं आयुष्य. मला विचाराल तर शुद्ध चक्रमपणा. पण पोरगा गुणी. माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ मी उठायच्या आत शोव्हल करून जायचा आणि चहाला थांब म्हटलं तर लाजायचा.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात ऑशवा नावाच्या गावी एका नवशिक्याने त्याला उलटा उचलला आणि त्याचे हात सुटले. टेरेन्स मानेवर पडला. उठून त्याने कुस्ती पुरी केली, स्वतः गाडी चालवत घरी आला, आईला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मासला जाताना त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. उजव्या हाताची बोटं बधिर. बीआट्रिसने बटणं लावून दिली आणि चर्चऐवजी गाडी हॉस्पिटलकडे घेतली.

सर्जनने सांगितलं ते तिने तिसऱ्या मजल्याच्या लिनन रूममध्ये मला सांगितलं, चादरींच्या घड्या घालता घालता. मानेत मज्जारज्जू दाबला गेलाय. ऑपरेशन करता येईल. पण कुस्ती बंद. आणखी एकदा तसा पडला तर मानेखालचं सगळं गेलं.

"मानेखालचं सगळं" म्हणजे काय, हे तिला कोणी समजवायला नको होतं. आमच्याकडे गॅरी आहे. ऐन विशीत लेकमध्ये सूर मारला, पाणी उथळ निघालं. आता साठीला टेकलाय. बीआट्रिस त्याला भरवते, त्याचं नाक खाजलं तर खाजवून देते, रात्रंदिवस दर दोन तासांनी कोणीतरी त्याची कूस बदलतं. गॅरीची आई त्याच्यासाठी घरून सूप आणायची, ती म्हातारी होऊन मेली. मेली तेव्हा तिला एकच काळजी होती, की याच्या सूपमध्ये मीठ कोण बघणार.

आणि त्याच वसंतात जपानहून टेरेन्सला बोलावणं आलं. त्या टुर्नामेंटमधला एक परदेशी कुस्तीगीर जखमी झाला होता, त्याच्या जागी.

मायलेकांचं भांडण झालं तेव्हा मी तिथेच होते, डबा परत द्यायला गेले होते. टेरेन्स म्हणाला, "मम्मी, वन समर. मग सर्जरी. मग तू म्हणशील तो जॉब. पपा वुड हॅव क्राइड, यू नो दॅट."

"त्या लोकांना मानेचं सांगितलंस?"

"सांगितलं तर बोलावतील का?"

बीआट्रिस इतकी हळू बोलली की मला अर्धंच ऐकू आलं. "गॅरीची कूस मी बदलते. तुझी कोण बदलणार?"  जूनच्या शेवटी तो गेला. एअरपोर्टवर तिने त्याचा उजवा हात हातात घेतला, एकेक बोट मिटवून पाहिलं आणि मगच सोडला.

मग तिने देवमावलीची नोव्हेना सुरू केली, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. तिचा हिशेब सरळ होता. निकाल ठरवणारा एक माणूस आहे ना? तर मावली, त्या माणसाच्या डोक्यात घाल, की टेरेन्सला पहिल्याच कुस्तीत हरवा. गिरीजला चर्चच्या सणाला फुटबॉलच्या टुर्नामेंट व्हायच्या. हरलेली टीम पिशव्या उचलून संध्याकाळच्या जेवणाला घरी. टुर्नामेंट म्हटलं की बीआट्रिसला एवढंच ठाऊक. आणि मला तरी कुठे जास्त ठाऊक होतं? मीही म्हटलं, करून बघ, देवाला काय कठीण आहे.

जपानची संध्याकाळ म्हणजे आमची पहाट. माझ्या मुलीने, रुचाने, माझ्या फोनवर ते चॅनल लावून दिलं होतं. शिफ्टच्या आधी लंचरूममध्ये आम्ही दोघी फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसलो. टेरेन्स निळ्या चड्डीत आला, लोकांना वाकून नमस्कार केला. समोरच्याने त्याचा पाय पिरगाळला, टेरेन्सने हार मानली. झालं. बीआट्रिसने छातीवर क्रूस काढला आणि माझ्या गालाचा पापा घेतला.

त्या दिवशी ती अख्ख्या मजल्यावर केक वाटत फिरली. आमची फिलिपिनो नर्स विचारते, काय विशेष? ही म्हणते, "माय सन लॉस्ट!" ती बिचारी सॉरी म्हणायला लागली. "नो, नो, व्हेरी गुड न्यूज!" घरी जाताना बीआट्रिसने बांगडे घेतले, बेसमेंटमधल्या त्याच्या पलंगावरच्या चादरी धुतल्या, फ्रीजरमध्ये त्याच्यासाठी जागा केली. मला एवढी खुशीत ती कधी दिसली नव्हती, आणि त्यानंतरही दिसली नाही.

त्याचा फोन आला तेव्हा तिने विचारलं, "फ्लाइट कधीची?"

"व्हॉट फ्लाइट?"

"हरलास ना?"

तो आधी हसला. मग त्याला कळलं. "मम्मी, इट्स अ लीग. हरलो तरी खेळायचं. एट मोर."

रुचाने आम्हाला समजावून सांगितलं. दोन गट असतात, प्रत्येकात दहा जण. प्रत्येकाने आपल्या गटातल्या प्रत्येकाशी लढायचं. जिंकलं तर दोन पॉइंट, हरलं तर भोपळा, पण घरी कोणी जात नाही. शेवटी ज्याचे पॉइंट जास्त तो फायनलला. "आयपीएलसारखं, आंटी," रुचा म्हणाली.

"म्हणजे हरला तरी नऊ वेळा पडणार?"

"हो."

"आणि जिंकला तर?"

"तरी नऊच. फायनलला गेला तर दहा."

बीआट्रिस हसायला लागली. ते हसणं मला आवडलं नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला तर पाठ लाकडासारखी.

पुढच्या कुस्त्या ती बघूही शकेना आणि न बघता राहूही शकेना. ती डोळे मिटून बसायची आणि मी सांगायचं. "आता त्या जाड्याने कंबर धरली. आता दोघं खाली बसले. आता पाय धरलाय. अजून पायच धरलाय." खरं सांगते, इतकं कंटाळवाणं काही मी पाहिलं नव्हतं. बाकीच्या कुस्त्यांमध्ये माणसं हवेत उडत होती, आणि टेरेन्सची वेळ आली की दोघं एकमेकांना चिकटून जमिनीवर. दरवेळी पाय पिरगाळणं, दरवेळी हार. रुचाने लोकांच्या कमेंट वाचून दाखवल्या, आळशी काय, पाठवा परत काय. एका हॉलमध्ये लोकांनी हुर्योही केली. मला त्याचा राग आला नाही, उलट पाठवाच परत असं वाटलं. पण बीआट्रिसला एकेका जपान्याचा राग होता. "माझ्या पोराला मोडतायत रेडे," ती म्हणायची. त्यातल्या त्यात ओकुदा नावाचा एक होता, चॅम्पियन, बैलासारख्या मानेचा. त्याचं पोस्टर दिसलं तरी ती फोन उलटा ठेवायची.

पाच कुस्त्या झाल्या आणि एका रविवारी टेरेन्सचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा ओढलेला. फोन डाव्या हातात.

"उजवा हात दाखव," बीआट्रिस म्हणाली.

"मम्मी, आय अॅम सो टायर्ड."

"दाखव."

त्याने हात वर केला, मूठ मिटली. शेवटची दोन बोटं मिटली नाहीत. ती तशीच उभी राहिली, दुसऱ्या कोणाची असल्यासारखी. त्याने कॉल कट केला.

पुढची कुस्ती ओकुदाशी होती, आणि त्या संध्याकाळची सगळ्यांत शेवटची, म्हणजे मोठी, लांबलचक. रुचाने ओकुदाचे जुने व्हिडिओ काढून दाखवले. तिने ते दाखवायला नको होते. ओकुदा माणसाला उलटा उचलतो, डोकं खाली, पाय वर, आणि तसाच मागे झोकून देतो. लोक त्यासाठीच तिकिटं काढतात. बीआट्रिसने तो एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. दरवेळी तो माणूस मानेवर पडत होता आणि दरवेळी ती श्वास रोखत होती.

टेरेन्सने जाताना इमर्जन्सीसाठी एक नंबर दिला होता. ओनो म्हणून एक बाई, परदेशी कुस्तीगिरांचं बघणारी, इंग्रजी बोलणारी.

आम्ही दोघी तिच्या किचनमध्ये होतो. जुलै महिना, जेवणं झाली तरी खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, खाली पोरं सायकली फिरवत होती. तिने फोन हातात घेतला आणि मी तिचा हात धरला. मी म्हटलं, "आधी त्याला विचार."

"विचारलं तर नाही म्हणेल."

"मग नाहीच ते! चौतिशीचा घोडा झालाय तो, बीआट्रिस. त्याचं आयुष्य आहे. तू हे केलंस तर तो तुझं तोंड बघणार नाही."

"नको बघू दे," ती म्हणाली. "चालत जाऊन तोंड फिरवू दे."

मला तिचा संताप आला आणि तिची भीतीही वाटली. मी हात सोडला.

ओनोबाई सकाळच्या घाईत असावी, मागे गाड्यांचे आवाज होते. बीआट्रिसने तुटक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. ऑशवा, सर्जन, बोटं.  मग त्या बाईने विचारलं, हे आम्हाला कोणाकडून कळलं म्हणून सांगू? नाव नको असेल तर तसं सांगा.

बीआट्रिस म्हणाली, "टेल हिम हिज मदर सेड."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही फोन लावून बसलो. ओकुदाच्या कुस्तीच्या वेळी टेरेन्स रिंगमध्ये आला, पण चड्डीत नाही, काळ्या सूटमध्ये. तो सूट रॉड्नीच्या फ्युनरलला घेतलेला, खांद्यांत आता घट्ट होत होता. तिकडची पद्धत आहे म्हणे, माघार घेणाऱ्याने स्वतः येऊन लोकांची माफी मागायची. निवेदक काहीतरी बोलला. टेरेन्स चारही बाजूंना वळून वळून वाकला. ज्या लोकांनी त्याची हुर्यो केली होती त्यांनीच टाळ्या वाजवल्या. आमच्या फोनच्या स्क्रीनवर त्याच्या नावापुढे पुढच्या चारही कुस्त्या न लढता हरल्याचं आलं. बीआट्रिसने डोळे उघडे ठेवून सगळं पाहिलं. मग उठून गॅरीला उठवायला गेली.

तो आला त्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या घरी थांबले.  तो जेवणाच्या टेबलावर बसला. बांगड्यांना हात लावला नाही. मग बोलला तो माझ्याकडे बघून, जणू आई खोलीत नव्हतीच.

"आंटी, आमच्या कामात एक गोष्ट असते. जो मला उचलतो, त्याच्या हातात माझी बॉडी असते. ऑफिसशी खोटं बोलता येतं. त्याच्याशी नाही. आय टोल्ड ओकुदा द फर्स्ट डे."

मी म्हटलं, "काय?"

"मानेचं. सगळं. त्याने बाकीच्या आठ जणांना सांगितलं. एकेक जण माझ्याकडे आला, विचारून गेला, कुठे धरू, कुठे नको. दे नेव्हर लिफ्टेड मी. फाइव्ह मॅचेस, मी एकदाही मानेवर पडलो नाही. लोक बू करत होते, तर त्यांनी ते सोसलं. चॅम्पियन्स, आंटी. माझ्यासाठी बोअरिंग झाले."

मला पाय पिरगाळणं आठवलं, आणि 'पाठवाच परत' असं वाटलेलं आठवलं.

"ओकुदा वीस मिनिटं मला न उचलता काढणार होता. लीग पूर्ण केली की मला तिथल्या शाळेत कोच म्हणून ठेवायचं, इंग्लिशवाल्या पोरांना शिकवायला, हे त्याने बोलून ठेवलं होतं. पडायचं नाही, फक्त शिकवायचं. पण लीग पूर्ण करायला हवी. तिकडे अर्धवट सोडलेलं चालत नाही." त्याने ताट बाजूला सारलं. "ओकुदाची फायनल ठरली होती. त्याने ऑफिसपासून लपवल्याचं बाहेर आलं म्हणून त्याची फायनल दुसऱ्याला दिली. सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. माझ्यामुळे."

तो "माझ्यामुळे" म्हणाला, पण म्हणताना पहिल्यांदा आईकडे पाहिलं.

बीआट्रिस फार हळू बोलली. "मला का नाही सांगितलंस?"

"वी डोन्ट टेल. घरीसुद्धा नाही. कुणालाच नाही. दॅट्स द जॉब."

"मी आई आहे."

"आय नो. सगळ्यांना कळलं. ओनो-सानने सगळ्यांसमोर सांगितलं, हिज मदर सेड."

मला वाटलं ती आता रडेल. पण बीआट्रिस ती बीआट्रिस. तिने विचारलं, "पाच कुस्त्यांत कुणी तुला मानेवर पाडलं नाही. मग बोटं का मिटत नव्हती?"

"ते आधीपासून..."

"नाही. एअरपोर्टवर मिटत होती. मी एकेक बघून पाठवलं होतं."

 तो उठून खाली बेसमेंटमध्ये गेला आणि आम्ही दोघी त्याच्या ताटाकडे बघत बसलो. मला दोघांचाही राग आला होता. दोघांचं खरं होतं, आणि हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. रात्रीपर्यंत बसून बीआट्रिसने बांगड्यांचे काटे काढले, कशासाठी देव जाणे, आणि डबा भरून फ्रीजमध्ये ठेवला. तो डबा कोणी उघडला नाही.

त्याचं ऑपरेशन ऑक्टोबरात झालं. हॉस्पिटलमध्ये जवळची व्यक्ती म्हणून त्याने माझं नाव दिलं. तेव्हा मला लाज वाटली, जशी काही मीच कोणाची तरी वस्तू उचलून आणली होती. ऑपरेशन होईपर्यंत बीआट्रिस खाली कॉफीच्या दुकानात बसून राहिली, वर आली नाही, कारण त्याने येऊ नको म्हणून सांगितलं होतं. ती मला म्हणाली, सर्जनला एकच विचार. चार कुस्त्या आणखी झाल्या असत्या तर? मी विचारलं. सर्जन बाई भली होती, विचार करून म्हणाली, "मे बी ही वुड हॅव बीन फाइन. मे बी नॉट." मी खाली जाऊन तसंच्या तसं सांगितलं. बीआट्रिसने कॉफीच्या कपावरचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. "मे बी," ती म्हणाली. तिला हो चाललं असतं, नाहीही चाललं असतं.

नाताळच्या आधी तो दूर हॅलिफॅक्सला गेला. बंदरावर एका कंपनीत ट्रकांच्या वेळा लावायची नोकरी, खुर्चीत बसून करायची. किल्ली किचनच्या ओट्यावर ठेवली आणि गेला. आईला पत्ता दिला नाही.

पण दर रविवारी तो मला फोन करतो. पहिल्यांदा आला तेव्हा बीआट्रिस माझ्याकडेच बसली होती. मी स्पीकर लावला. "हाऊ आर यू, आंटी?" मग इकडचं तिकडचं, आणि शेवटी, "हाऊ इज शी?" मी म्हटलं, बरी आहे. बीआट्रिसने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. ती बोलली तर तो फोन ठेवेल, हे तिला न सांगता कळलं होतं. त्यानंतर प्रत्येक रविवारी मासहून ती थेट माझ्याकडे येते. टेबलावर फोन, फोनशेजारी ती. तो म्हणतो, तिला सांगा बर्फ पडायच्या आधी विंटर टायर लावून घे. ती मान डोलावते. त्याला ते दिसत नाही. ती मला खुणेने प्रश्न विचारते, मी ते माझे म्हणून विचारते. जेवतोस का? थंडी किती? मान कशी आहे? "फाइन, आंटी. ऑल फाइन." हाताचं विचारलं की तो विषय बदलतो.

ती तिथे बसलेली असते हे त्याला माहीत आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. माहीत असावं. मुद्दाम रविवारी, मास सुटल्यावरच का करतो नाहीतर?

मागच्या रविवारी तो बोलत होता, तिकडे फेरी धुक्यामुळे बंद होती वगैरे. भांड्यांचा आवाज येत होता, काहीतरी धूत असावा. एकदम पलीकडे कपबशीसारखं काहीतरी पडलं आणि खळ्ळकन फुटलं. त्याने इंग्रजीत एक शिवी हासडली.

बीआट्रिस उभी राहिली. "कुठला हात?" ती ओरडली. तिला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "टेरेन्स, कुठला हात?"

मी म्हटलं, गेलं. आता हा रविवारही गेला. पलीकडे नळ तेवढा चालू होता. मग नळ बंद झाला.

"लेफ्ट, मम्मी," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

बीआट्रिस खाली बसली. कितीतरी महिन्यांनी तो तिच्याशी बोलला होता. मी तिचे हात धरले, मला रडू येत होतं. म्हटलं, "बघ, बोलला की नाही! लेफ्ट म्हणाला. डावा. उजव्याला काही झालेलं नाही."

"डावा म्हणाला," ती म्हणाली. "डावाच म्हणाला ना?"

"हो गं, डावाच."

तिने मान हलवली. थोडं हसलीसुद्धा. मी चहा टाकायला उठले, पाणी उकळायला लागलं, तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, अगदी हळू.

"सुरेखा, तो उजव्या हाताचा आहे. मग कप डाव्या हातात कशाला धरतो?"